साहित्य कळवावे

मंत्रालयाच्या पत्रात एकच वाक्य ठळक होतं:
इमारत पाहताच देश ओळखू आला पाहिजे.
खाली जागेचा नकाशा. उत्तरेकडचं एक शहर,
वर्षातले पाच महिने बर्फ,
रस्त्यापलीकडे बर्चच्या झाडांची सरळ रांग.

मी कमळ काढलं. खोडलं.
कमान काढली, तिच्यावर दुसरी,
मग ते सगळं एखादं हॉटेल दिसू लागलं
जिथे दरवान फेटा बांधून उभा असतो.
फेटाही खोडला.

म्हणून आले विजयदुर्गच्या खाडीवर,
तिथून वर सड्यावर, लवू मेस्त्रींच्या चिरेखाणीत.
मार्गशीर्ष. गवत पिवळं पडून आडवं झालेलं,
खाणीचं पोट मात्र ओलं,
हळद-कुंकू कालवल्यासारखं.
मशीन बसप्पाच्या हातात, विजापूरचा;
नऊ वर्षं झाली, शिव्या मालवणीत देतो,
मोजमाप अजून कन्नडमध्ये.
ट्रक इब्राहिम वाघूंचा,
मागे नातीचं नाव आणि एक सुरमई रंगवलेली.

हा दगड तिकडे न्यायचाय, मी म्हटलं.
लवूंनी चिऱ्यावर ओंजळभर पाणी ओतलं.
दगड प्यायला. पुन्हा ओतलं. पुन्हा प्यायला.
"बाये, हो दगड थंय टिकाचो नाय.
पानी पितलो, तेचो बर्फ जातलो,
नि आतसून फुटतलो.
हंय पितता नि सोडता.
तेका सोडूक मिळाक व्हया."

उन्हं कलल्यावर त्यांच्या घरी गेलो.
गडग्याला चुना नाही, सिमेंट नाही,
चिऱ्यावर चिरा, नुसता वजनावर बसलेला.
बेड्याचे दोन बांबू सरकवले की आत.
पडवीच्या पेळेवर एक माणूस गूळ खात होता.
लवूंनी त्याला पाहून मान हलवली.
कोण? मी विचारलं.
"म्हायत नाय. पानी पिवन झाल्यार सांगात."

रात्री देवगडच्या लॉजवर आराखडा उघडला.
रांगेची जागा. व्हिसाची खिडकी क्रमांक चार.
सुरक्षा सल्लागारांची टीप:
भिंतीपासून नऊ मीटरपर्यंत
कोणाला बसता येईल असा पृष्ठभाग नको.
तिथे उभा राहील पासपोर्ट हरवलेला एखादा खलाशी,
बापाच्या तेराव्याला निघालेला.
तिथलीच एखादी मुलगी,
जिला फक्त कोमट समुद्रात पाय बुडवायचेत.
बर्फात. आणि आधी नाव सांगायचं.

मी एक बुटकी भिंत काढली, दीड फूट उंच,
बसलं तर टेकायला खांब,
वरून उतरतं छप्पर.
दगड तिथलाच घेतला, ग्रॅनाइट,
ज्याला ती थंडी ठाऊक आहे.
फक्त बसणं इथलं.

समितीत एक जण म्हणाले, यात देश कुठे दिसतो?
दुसरे म्हणाले, कोकण म्हणजे देश नव्हे.
नाही, मी म्हटलं.
पुढे बोलायचं होतं, तेवढ्यात चहा आला.
दर्शनी भाग काचेचा मंजूर झाला, त्यावर जाळी,
जाळीत कमळ.
पेळ पुढील बैठकीपर्यंत स्थगित.

निघताना लवूंनी गोणपाटात बांधून दिलेला चिरा
माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.
तो झडतो. रोज थोडा.
सुधारित आराखड्यावर, फाटकाबाहेर,
एक लाल अंगठा उमटला, बहुतेक माझाच,
आणि स्कॅनमध्ये राखाडी होऊन
सही-शिक्क्यांसकट तिकडे पोचला.

आज तिथल्या अभियंत्याचा प्रश्न आलाय, क्रमांक सत्तावीस:
फाटकाबाहेर जो आकार दाखवला आहे
तो काय आहे? साहित्य कळवावे.

मी उत्तरात लिहिलं: ग्रॅनाइट.
उंची दीड फूट.
रकान्यात अजून जागा आहे.